बेळगावात कमरेएवढं सफरचंद, एका तारेवर

ताई, तुमचा प्रश्न असा की अनगोळला ३०×४० ची साईट आहे, घर बांधून पुढं पूर्वेच्या कंपाऊंडला लागून अडीच फूट रुंद आणि बावीस फूट लांब पट्टी उरलीय, तिथं व्हिडिओत बघितलंय तसं एकाच तारेवर गुडघ्याएवढं आडवं सफरचंद होईल का, आणि नर्सरीवाला कुंडीतलं "बारमाही सफरचंद" बाराशेला देतोय ते घेऊ का. आणि सासूबाई म्हणतात, काश्मीर सोडून सफरचंद कुठं येतंय व्हय.

येतंय. खरं ते बाराशेचं रोप आत्ता घेऊ नका, कारण खाली सांगतो. आणि गुडघ्याएवढं नको, कमरेएवढं करा, तेही सांगतो.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी अठरा वर्षं अथणी भागात द्राक्षबागांची छाटणी-बांधणी केली, टोळी घेऊन. आता गुडघे दुखतात म्हणून खानापूरकडं गावातच असतो, घरामागं तारेवर अकरा सफरचंदाची झाडं आहेत, सगळ्यात जुनं नऊ वर्षांचं. पहिलं लावलं तेव्हा शेजारचा म्हणाला होता, "काय रे, सफरचंद लावूलास? उद्या केशर लावशील." आता दरवर्षी मे संपायच्या सुमाराला पिशवी घेऊन तोच पहिला येतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. सफरचंदाचं झाड थंडीत झोपतं आणि पुरेशी थंडी मिळाली तरच नीट जागं होतं. ही थंडी तासात मोजतात, साधारण ७ अंशाच्या खाली किती तास गेले ते. बाजारात मिळतं त्या लाल डेलिशियस जातीला असे हजाराच्या आसपास तास लागतात. आपलं बेळगाव अडीच हजार फुटावर आहे म्हणून डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो ते खरं, पण पारा १३-१४ ला थांबतो, लईच झालं तर १० ला जातो. म्हणजे ७ च्या खाली तास जवळजवळ शून्य. म्हणून कमी थंडीच्याच जाती घ्यायच्या, आणि त्यात घरच्या बागेसाठी तीन नावं पुरेत. अ‍ॅना ही इस्रायलमध्ये तयार केलेली, डोर्सेट गोल्डन ही बहामा बेटावर सापडलेली (बहामात बर्फ कुठनं पडणार, तरीबी झाड फळत होतं), आणि आपल्या देशातली एचआरएमएन-९९, जी हिमाचलच्याच खालच्या गरम भागात, बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी निवडून पुढं आणली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अ‍ॅना आणि डोर्सेटला दोनशे-तीनशे तास पुरतात असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल दोनशे तरी कुठं मिळतात आपल्याकडं. बरोबर. इथंच सगळी गंमत आहे.

इंडोनेशियात जावा बेटावर मलंगजवळ बाटू म्हणून डोंगराळ भाग आहे, विषुववृत्ताच्या इतका जवळ की हिवाळा हा प्रकारच नाही, तरी तिथं सफरचंदाच्या बागा आहेत आणि वर्षातनं दोनदा फळ काढतात. ते करतात काय, तर फळ काढून झाल्यावर काही आठवड्यांनी झाडाची सगळी पानं हातानं काढून टाकतात. झाडाला गाढ झोपूच द्यायचं नाही, डोळ्यावर झापड येतेय तोवर हलवून उठवायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे फांद्या वाकवतात. आपल्याकडं डाळिंबाला, लिंबाला ताण देऊन बहार धरतात की नाही, पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं, त्याच जातीतलं काम हे. द्राक्ष-डाळिंबवाल्या माणसाला हे पाच मिनिटात समजतंय, हिमाचलच्या बागायतदाराला मात्र अजब वाटेल.

वाकवण्याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. उभ्या फांदीत शेंड्याची दादागिरी असते. शेंड्यातनं एक संजीवक (हार्मोन) खाली उतरत राहतं आणि ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, फुटू देत नाही. थंड मुलुखात हिवाळा ही दादागिरी बरीचशी मोडतो, वसंतात खालीवर सगळे डोळे फुटतात. आपल्याकडं थंडीच नाही, त्यामुळं उभं वाढवलेलं सफरचंद काय करतं, तर टोकाचे दोन-तीन डोळे तेवढे फुटतात, खाली पाच-पाच फूट नुसती उघडी काठी, आणि माणूस म्हणतो आपल्याकडं होत नाही बाबा. तीच फांदी आडवी केली की शेंडा आणि मागचे डोळे एका पातळीवर येतात, वरच्या अंगाचे सगळे डोळे जागे होतात, वाढीचा जोर मोडतो आणि फुलकळी धरते. युरोपात तारेवरचं आडवं झाड जागा वाचवायला आणि शोभेला करतात. आपल्याकडं थंडीनं करायचं काम थोडंफार तारेकडनं करून घ्यायचं असतं, म्हणून जागा मोठी असती तरी मी तुम्हाला आडवंच करा म्हटलं असतं.

आता माझी चूक ऐका, म्हणजे तुमची दोन वर्षं वाचतील. मी द्राक्षातला माणूस, तार दिसली की हात कात्रीकडं जायचा. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे ओलांडा (तारेवरचा कायमचा आडवा हात) ठेवून सगळी काडी कापायची, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, घड त्या हंगामात फुटणाऱ्या नव्या काडीवरच येतो. मी सफरचंदालाही पहिली दोन वर्षं तसंच केलं, ओलांडा छान तयार केला आणि वरचं सगळं सफाचट. झाड भन्नाट फुटायचं, चार-चार फुटांच्या उभ्या काड्या, पानं अशी की बघत राहावं, आणि फूल एक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की सफरचंदाचं फळ मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर, बोटभर जाड आखूड खुंटीवर येतं. ती सुरकुतलेली गाठाळ खुंटी वर्षानुवर्षं फळ देत राहते. मी दरवर्षी तीच कापत होतो. तेव्हापासून मी सफरचंदाजवळ जाताना कात्री घरी ठेवतो आणि सुतळी घेऊन जातो, असं म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या जागेचं. कंपाऊंड खाली अडीच फूट भिंत आणि वर ग्रिल आहे असं तुम्ही लिहिलंय. गुडघ्याएवढं झाड मुळात भाजीच्या वाफ्याच्या कडेला, उघड्यावर लावायचा प्रकार आहे, ओलांडून पलीकडं जाता यावं म्हणून तेवढं बुटकं. भिंतीच्या आत दीड फूट उंचीच्या तारेवर ते केलं तर सकाळचं ऊन भिंत अडवणार आणि दुपारनंतर घराची सावली पडणार, झाडाला मिळणार काय मग. सहा तास तरी ऊन पाहिजे. म्हणून तार भिंतीच्या माथ्याच्या जरा वर, तीन फुटावर घ्या, म्हणजे ग्रिलमधनं सकाळचं कोवळं ऊन मिळतंय. घराची सावली दुपारी कितीला पट्टीवर येते तेही एक दिवस घड्याळ लावून बघा, दीडच्या आधी येत असेल तर हा नाद सोडा आणि गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये करा, ते वेगळं प्रकरण. भिंतीपासून तार एक फूट आत ठेवा, मागं हात जायला पाहिजे. दोन टोकांना लोखंडी अँगल किंवा आपले दगडी खांब, दोन फूट जमिनीत, काँक्रीट करून, मध्ये सात-आठ फुटावर एकेक आधार, आणि १२ गेजची जीआय तार टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावून ताणायची. पावसात ओलं झाड फळासकट जड होतं, ढिली तार झोळी होते. बाइंडिंग वायरनं झाड बांधू नका, खोडात रुतते. सुतळी किंवा जुन्या कॉटन साडीच्या पट्ट्या, आठाच्या आकड्यासारख्या, दर चार महिन्यांनी सोडून परत.

मातीबद्दल मला सफरचंदाच्या जातीपेक्षा जास्त काळजी आहे. नवीन घराच्या कडेची पट्टी म्हणजे वर चार बोटं लाल माती आणि खाली डबर, सिमेंटचा गिलावा, विटांचे तुकडे. सिमेंट-चुन्यानं माती अल्कधर्मी बाजूला जाते, मग झाडाला लोह उचलता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि माणूस युरिया टाकत बसतो. दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर काढा, डबर निवडून बाहेर टाका, लाल माती दोन भाग आणि कुजलेलं शेणखत एक भाग, त्यात निंबोळी पेंड घालून भरा. आणि चर जमिनीच्या सपाटीला ठेवू नका, नऊ इंच ते फूटभर उंच वरंबा करा. वर्षाचा १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेवढ्यात पाणी बुडाशी तुंबलं की खोड जमिनीलगत कुजतं आणि ऑगस्टपर्यंत हिरवंगार दिसणारं झाड गणपतीत अचानक मान टाकतं. माझ्या मेव्हण्यानं चिकोडीकडं काळ्या जमिनीत वरंबा न करता पाच झाडं लावली, चार पहिल्याच पावसाळ्यात गेली.

आता रोप. झाड बुटकं राहणार की नाही हे जातीपेक्षा खालचं खुंटरोप, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम भरतात ते, ठरवतं. बियांपासनं उगवलेल्या खुंटावर भरलेलं कलम वीस फुटाकडं धावणार, त्याला तीन फुटावरच्या तारेवर बसवणं म्हणजे बैलाला कुत्र्याची साखळी. म्हणून नर्सरीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा की खुंट कुठला. बियांचा असेल, किंवा "तसलं काय नसतंय, सफरचंद म्हणजे सफरचंद" असं उत्तर आलं, तर घरी या. एम-९ हा बुटका खुंट, झाड आठ-दहा फुटाच्या आत राहतं, खरं मुळं वरवरची आणि ठिसूळ, कायमचा आधार लागतो आणि एप्रिलमध्ये चार दिवस पाणी चुकलं तर जीव सोडतं. एमएम-१११ जास्त जोमदार, मुळं खोल, ताण सोसतो आणि लोकरी मावा या किडीला दाद देत नाही. ड्रिप असेल आणि घरी कुणीतरी कायम असेल तर एम-९ ची तीन झाडं लावा, सात-सात फुटावर, दोन्हीकडं साडेतीन फुटांचे हात. मे महिन्यात कुलूप लावून गावाला जात असाल तर एमएम-१११ ची दोनच लावा, प्रत्येकाला अकरा फूट द्या, आणि दीड फूट वर दुसरी तार ठेवा कारण ते खालच्या तारेवर गप्प बसणार नाही. दोन जाती पाहिजेतच, अ‍ॅना आणि डोर्सेट एकाच वेळी फुलतात आणि मधमाशीनं परागकण इकडंतिकडं केलं की फळ जास्त धरतं. तीन लावलीत तर डोर्सेट मधोमध.

कुंडीतल्या बाराशेच्या रोपाची गोष्ट आता कळेल. पहिलं म्हणजे बारमाही असलं काही सफरचंदात नसतं, कमी थंडीची जात आपल्या उष्ण हवेत अवेळी चार फुलं काढते त्याला तो बारमाही म्हणतोय. दुसरं, ते चार फूट उंच आणि फांद्या फुटलेलं आहे म्हणताय, म्हणजे खोड जून झालंय, ते वाकणार नाही, कटकन मोडेल. आपल्याला पाहिजे पेन्सिलीएवढी जाड, एक वर्षाची, बिनफांदीची सरळ काडी. ती डिसेंबर-जानेवारीत हिमाचलकडनं उघड्या मुळांची येते आणि बऱ्याचदा या झाडापेक्षा स्वस्त पडते. आली की मुळं तीन-चार तास पाण्यात ठेवून त्याच दिवशी लावा. कलमाचा जोड मातीच्या वर चार ते सहा बोटं पाहिजे म्हणजे पाहिजे. जोड पुरला गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि खालच्या बुटक्या खुंटाचा काही उपयोग राहत नाही.

लावल्यावर काडी तारेच्या दोन बोटं खाली कापा, कापायची खरी वेळ ही एवढीच. वरचे दोन-तीन फुटवे येतील त्यातले समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे नखानं खुडा. आणि इथं सगळे घाई करतात. फुटवा वीतभर झाला की लगेच आडवा बांधतात, मग तो तिथंच थांबतो, हात वाढतच नाही. पहिल्यांदा बांबूच्या काठ्या व्ही सारख्या बांधून फुटवे ४५ अंशात वर चढू द्या. लांबी पुरेशी झाली की पावसाळा संपताना, काडी हिरवी-लवचीक असतानाच, आठवड्याला थोडी थोडी खाली आणून तारेला लावा. दुपारी वाकवा, सकाळी काडी पाण्यानं भरलेली असते, फटकन तुटते. टोक मात्र कायम तारेच्या जरा वर उचललेलं ठेवा. टोक खाली गेलं की वाढ थांबली आणि पाठीवरनं उभे सोटे सुटले.

हे उभे सोटे दरवर्षी येणार, पावसाळ्यात जास्तच. पेन्सिलीएवढा जाड होऊन बुडाशी लाकडासारखा झाला की गणपती ते दसऱ्याच्या मध्ये बुडाशी तीन पानं ठेवून वरचं कापा. त्याच्या आधी कापलं तर पाऊस परत नवीन सोटा काढून देतो. ही तीन पानं ठेवलेली जागाच पुढं खुंटी होते. दोन सोट्यांच्या मध्ये जागा रिकामी असेल तर कापूच नका, वाकवून तारेला बांधा.

बहाराचं असं. नोव्हेंबरअखेर पाणी कमी करत आणा, डिसेंबरात दोन-तीन आठवडे जवळजवळ बंद. डिसेंबरच्या शेवटी पानं काढा. ओरबाडू नका, पानाच्या बगलेतच पुढचा डोळा असतो, कात्रीनं देठ ठेवून पान कापा, देठ आपोआप गळतंय. तीन झाडांना एक रविवार पुरतो, पोरं बरोबर घ्या. मग शेणखत घालून पाणी सोडा. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फूल, आणि फळ मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मिरगाच्या आत मोकळं. ही वेळ आपल्या सोयीची आहे, पावसात फळ सापडत नाही. द्राक्षात डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड लावतात, कुणीतरी तुम्हाला ते सुचवेलच. घरात आणू नका. विषारी आहे, आणि हाताळणाऱ्यानं त्या सुमाराला दारू घेतली तर दवाखाना गाठावा लागतो, आमच्या टोळीत हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिली दोन वर्षं फूल आलं तरी फळ ठेवू नका, मन घट्ट करा. तिसऱ्या वर्षापासून झुबक्यात एकच फळ, आणि दोन फळांत वीतभर अंतर, सुपारीएवढं असतानाच विरळणी. तुमच्या सात फुटांच्या झाडाला दोन्ही हातांवर मिळून नऊ-दहा, अकरा फुटांच्या झाडाला चौदा-पंधरा फळं लई झाली. रंग काश्मिरीसारखा गडद येत नाही कारण आपल्या रात्री गरम, आणि अ‍ॅना फार टिकतही नाही. खरं झाडावर पिकलेलं आंबटगोड फळ कराकरा खाताना रंग कोण बघतंय.

औषधांचं मी थोडक्यात सांगतो. मे अखेरीला खोडाला दोन फुटापर्यंत बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, तुम्हाला याचा दहावा हिस्सा पुरे, प्लॅस्टिकच्या बादलीतच करा, लोखंडी नको. मार्चमध्ये आडव्या हाताच्या वरच्या अंगाला पातळ चुना फासा, नाहीतर एप्रिलचं ऊन साल भाजतं आणि भाजलेल्या सालीत खोडकिडा शिरतो. कापसासारखं पांढरं दिसलं तर लोकरी मावा, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. उसाचं पाचट चार बोटं जाड टाका, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी येते. बुटक्या झाडाचा मोठा फायदा फळं धरल्यावर कळतो, बुलबुल, खारी, वटवाघळं कुणाचं काही चालत नाही, वरनं मच्छरदाणीसारखी जाळी टाकली की झालं. वीस फुटी झाडावर जाळी टाकायला माकडच लागलं असतं.

तर आत्ता चर काढून माती भरून ठेवा, पावसाळ्यात ती बसेल, वर ताग पेरा आणि फुलायच्या आत गाडा. दिवाळी झाली की रोपांची ऑर्डर. आणि गेटमधनं गल्लीतली कुत्री आत येत असतील तर पट्टीच्या कडेला फूटभर जाळी मारा, माझ्या दुसऱ्या नंबरच्या झाडाचं एका बाजूचं साल सारखं काळं का पडतंय ते शोधायला मला दीड वर्ष लागलं होतं.